लवादाचा निवाडा हायकोर्टात जातो तेव्हा

लवादाचा निवाडा हातात पडला की युनियनच्या ऑफिसात सगळ्यांची घाई शेवटचं पान उघडण्याची असते. किती मिळालं, कुणाला मिळालं, कधीपासून मिळालं. आम्ही मात्र आता सवयीनं आधी निवाड्याच्या मुळाशी असलेला करार बाहेर काढतो. मॅनेजमेंट हायकोर्टात गेली की तिचा वकील आकड्यांवर भांडत बसत नाही. आकडे म्हणजे वस्तुस्थिती, आणि वस्तुस्थितीत हायकोर्ट सहसा हात घालत नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तो करारावर बोट ठेवतो: सही कुणाची, राजपत्र कुठं आहे, मुदत कधी संपली, हा मुद्दा लवादाकडं सोपवला होता का. वर्षानुवर्षं चाललेली सुनावणी या चारपैकी एखाद्या प्रश्नावर आडवी होते.

इथं लिहिलंय ते औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधल्या कलम १०-अ खालच्या लवादाबद्दल. (बोलताना सगळे ‘टेन-ए’च म्हणतात.) सरकारनं वाद लेबर कोर्टाकडे किंवा ट्रिब्युनलकडे पाठवण्याआधी दोन्ही बाजूंनी लेखी करार करून आपल्या पसंतीचा लवाद नेमायचा, ही सोय १९५६ च्या दुरुस्तीनं आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे आणि तिच्यात स्वेच्छेच्या लवादाचं कलम ४२ वं आहे. पण जुन्या कायद्याखालचे निवाडे आणि त्यांच्यावरच्या रिट (हायकोर्टाच्या संविधानातल्या खास अधिकाराखालचे अर्ज) अजून बरीच वर्षं कोर्टाच्या बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, राहणार, आणि कोर्ट असा निवाडा कसा तपासतं याचे दाखले जुन्या कलमांवरचेच आहेत. म्हणून कलमांचे आकडे जुनेच ठेवले आहेत.

आधी करार. केंद्राच्या अखत्यारीतल्या उद्योगांना केंद्रीय नियमांतला फॉर्म सी लागतो. राज्याच्या अखत्यारीतल्या कारखान्याला राज्याच्या नियमांतला नमुना बघून घ्यावा. तपासायच्या गोष्टी त्याच. केंद्रीय नियमांप्रमाणे कामगारांच्या बाजूनं युनियनच्या पदाधिकाऱ्याची सही चालते, किंवा खास त्यासाठी भरवलेल्या सभेत अधिकार दिलेल्या पाच प्रतिनिधींच्या सह्या. पाच प्रतिनिधींचा मार्ग घेतला असेल तर सभेची नोटीस, हजेरीपट आणि ठराव असे तीन कागद जपून ठेवायचे. पुढं कुणीतरी ‘ही सभा झालीच नव्हती’ म्हणतंच. लवादाची लेखी संमती कराराला जोडलेली असायला हवी. फोनवर ‘हो’ म्हटलेले निवृत्त न्यायाधीश कितीही सज्जन असले तरी ती संमती कागदावर नसते.

फॉर्म सी मध्ये एक ओळ असते, तिच्याकडं सही करताना कुणाचं लक्ष जात नाही. अमुक मुदतीत निवाडा द्यायचा, ती मुदत दोन्ही पक्षांनी लेखी वाढवता येईल, आणि तसं न झाल्यास लवादाकडे सोपवलेला वाद आपोआप रद्द समजला जाईल. मुदतीच्या रिकाम्या जागेत उत्साहाच्या भरात ‘तीन महिने’ लिहिलं जातं. नंतर एक साक्षीदार आजारी पडतो, दिवाळी येते, लवादांना परगावी जायचं असतं, आणि निवाडा येतो चौदाव्या महिन्यात. हरलेली बाजू मग रिटमध्ये पहिलाच मुद्दा घेते की निवाडा दिला तेव्हा लवादाकडे वादच उरला नव्हता. रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत, ‘उभय पक्षांच्या संमतीने पुढील तारीख’ एवढी नोंद आहे, यावर विसंबू नये. मुदतवाढीचा चार ओळींचा वेगळा कागद करायचा, दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि तो निशाणी क्रमांक (दाखल कागदाला दिलेला क्रमांक) देऊन रेकॉर्डवर घ्यायचा. मुदत संपायच्या आधी. संपल्यावर केलेल्या कागदावर वाद घालायला जागा राहते.

सगळ्यांत महागात पडणारी चूक मात्र राजपत्राची. कलम १०-अ (३) प्रमाणे कराराची प्रत शासनाकडे आणि समेट अधिकाऱ्याकडे पाठवायची, आणि प्रत मिळाल्यापासून एका महिन्यात शासनानं ती राजपत्रात छापायची. पुष्कळ ठिकाणी प्रत पाठवली जाते आणि विषय तिथंच संपतो. लवाद काम सुरू करतात, कारण दोन्ही बाजू समोर बसलेल्या असतात, कुणाची हरकत नसते. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयानं कर्नाल लेदर कर्मचारी संघटन विरुद्ध लिबर्टी फूटवेअर या प्रकरणात ही प्रसिद्धी बंधनकारक ठरवली. लवादानं वादाच्या गुणदोषात शिरण्याआधी ती झालेली हवी. मॅनेजमेंटनं स्वतः सही केली, दोन वर्षं उलटतपास घेतला, आता कुठल्या तोंडानं म्हणते, हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण त्यानं काम होत नाही. कराराची बातमी त्या दोघांपलीकडच्या कामगारांपर्यंत पोचावी यासाठी ही प्रसिद्धी आहे, त्यामुळं दोघांच्या संमतीनं ती माफ होत नाही.

म्हणून पहिल्या सुनावणीआधी राजपत्राची प्रत हातात हवी. महाराष्ट्रात कामगारविषयक अधिसूचना आणि निवाडे राजपत्राच्या भाग एक-ल मध्ये येतात. करार पाठवताना पोचेवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यायचा, महिना भरला की स्मरणपत्र द्यायचं, आणि तरीही छापून आलं नाही तर लवादांना सरळ लेखी विनंती करायची की प्रसिद्धी होईपर्यंत वादाचे मुद्दे ठरवू नयेत. दोन महिने फुकट गेल्यासारखे वाटतात. जाऊ द्यावेत.

याच कलमाच्या (३-अ) खाली आणखी एक अधिसूचना असते आणि तिचा घोळ नेहमी होतो. करार करणारे दोन्ही बाजूंच्या बहुमताचं प्रतिनिधित्व करतात अशी खात्री पटली तर शासन तशी अधिसूचना काढू शकतं. ती निघाली तर निवाडा कलम १८ (३) खाली सगळ्या कामगारांवर बंधनकारक होतो. नाहीतर कलम १८ (२) प्रमाणे फक्त करार करणाऱ्यांवर. एका कारखान्यात दोन युनियन असतील तर हा फरक फार मोठा आहे. आणि अधिसूचना निघाली की करारात नसलेल्या पण वादाशी संबंध असलेल्या कामगारांना बाजू मांडायची संधी द्यावी लागते. ती दिली नाही तर दुसरी युनियन रिट घेऊन येते, मॅनेजमेंट शांत बसून बघते.

आता तारखा. निवाड्याला चार तारखा असतात आणि त्या वहीत वेगवेगळ्या लिहाव्यात: लवादाची सही झाली ती, शासनाला निवाडा मिळाला ती, राजपत्रात प्रसिद्ध झाला ती, आणि अंमलात आला ती. कलम १७ प्रमाणे शासनानं मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रसिद्धी करायची. कलम १७-अ प्रमाणे प्रसिद्धीनंतर ३० दिवस उलटले की निवाडा अंमलात येतो. गंमत अशी की कराराची प्रसिद्धी राहिली तर निवाडा बुडतो, पण निवाड्याच्या प्रसिद्धीला ३० दिवसांपेक्षा उशीर झाला तर तो बुडत नाही. रेमिंग्टन रँडच्या १९६८ साली छापून आलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ती मुदत निर्देशात्मक मानली. दोन्ही ‘प्रसिद्धी’च, म्हणून वकीलसुद्धा कधीकधी गल्लत करतात.

मॅनेजमेंट बहुधा प्रसिद्धी आणि अंमल यांच्यामधल्या महिन्यात हायकोर्टात जाते, कारण अंमल सुरू होण्याआधी स्टे, म्हणजे स्थगिती, हवा असतो. आपण त्याच्या आधी कॅव्हेट टाकायचं, म्हणजे आपलं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज. ते ९० दिवस टिकतं, म्हणून फार लवकर टाकूनही उपयोग नाही. संपत आलं की पुन्हा टाकायचं. मुंबईत टाकायचं की नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा गोव्याला, हे कारखाना कुठं आहे, लवाद कुठं बसले यावर ठरतं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गची प्रकरणंही तिथं जातात. जुन्या सवयीनं मुंबईत कॅव्हेट टाकून निवांत बसणाऱ्याला स्टेची ऑर्डर पोस्टानं घरी येते.

युनियन हरली असेल तर आपणच जायचं. आणि इथं पहिली फसगत होते ती दरवाज्याची. ‘लवाद’ हा शब्द दिसला की व्यापारी खटले चालवणारा वकील लगेच १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ३४ चा अर्ज तयार करतो आणि जिल्हा न्यायालयात दाखल करतो. कलम १०-अ (५) स्पष्ट सांगतं की लवाद अधिनियम, १९४० या लवादाला लागू नाही. त्याची जागा १९९६ च्या कायद्यानं घेतली, तरी उत्तर तेच, आणि नव्या संहितेच्या कलम ४२ मध्ये तर १९९६ चा कायदा नाव घेऊन वगळला आहे. असा अर्ज वर्षभरानं अधिकार नाही म्हणून परत येतो आणि रिटमध्ये त्या वर्षाचा खुलासा देत बसावं लागतं. रिटला ठरावीक मुदत नसली तरी उशीर विचारला जातोच. कुठल्या महिन्यात काय केलं हे तारखेनिशी सांगता आलं पाहिजे.

कलम १७ (२) म्हणतं की प्रसिद्ध झालेला निवाडा अंतिम आहे, कोणत्याही न्यायालयात त्याला आव्हान देता येणार नाही. पण ते झालं साध्या कायद्याचं बोलणं. संविधानाच्या अनुच्छेद २२६ (रिट काढण्याचा) आणि २२७ (खालच्या न्यायालयांवर देखरेखीचा) हे हायकोर्टाचे अधिकार त्यानं काढून घेता येत नाहीत. यातलाही एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुंबईच्याच एका वादातून गेलेल्या इंजिनिअरिंग मजदूर सभा विरुद्ध हिंद सायकल्स या प्रकरणात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी १०-अ चा लवाद हा अनुच्छेद १३६ च्या अर्थानं ‘ट्रिब्युनल’ नाही असं सांगितलं. म्हणजे त्याच्या निवाड्यावर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येत नाही. पण तो निव्वळ खासगी पंचही नाही, कारण त्याच्या मागं कायदा उभा आहे. पुढं रोहतास इंडस्ट्रीजच्या १९७६ च्या निकालात त्याच्यावर अनुच्छेद २२६ खाली रिट चालते हे पक्कं झालं. लेबर कोर्टाच्या अवॉर्डवर सवयीनं फक्त २२७ लिहिणाऱ्यांनी इथं तसं करू नये. शीर्षकात दोन्ही अनुच्छेद लिहावेत आणि मुद्दे २२६ चे असावेत. त्याचा पुढंही फायदा आहे: केवळ २२७ खालच्या एकल न्यायाधीशाच्या आदेशावर हायकोर्टातल्या हायकोर्टात अपील होत नाही. दोन्ही लिहिले असतील तर कोर्ट अर्जाचा गाभा कशाचा आहे ते बघतं. उमाजी केशव मेश्राम प्रकरणापासून, म्हणजे १९८६ पासून, ही चर्चा चालू आहे.

रोहतासचा निकाल आणखी एका कारणासाठी वाचावा. बिहारमधल्या डालमियानगरच्या त्या प्रकरणात लवादांनी बेकायदा संपाबद्दल कामगारांनीच कंपनीला नुकसानभरपाई द्यावी असं ठरवलं होतं. कोर्टानं ते मोडून काढलं. बेकायदा संपाला काय शिक्षा हे कायद्यानं कलम २६ मध्ये सांगितलं आहे. त्याबाहेरचा भरपाईचा नवा उपाय लवादाला शोधून काढता येत नाही. निवाड्यात कायद्याची चूक उघड दिसत असेल तर हायकोर्ट हात घालतं म्हणजे काय, याचं यापेक्षा सरळ उदाहरण मिळणार नाही.

बाकी मुद्दे काय चालतात आणि काय नाही, हे एका पानावरून दाखवता येईल. समजा कामगाराला मशीन मुद्दाम बंद पाडल्याबद्दल काढलंय आणि लवादांनी बडतर्फी कायम केली. निवाड्याच्या परिच्छेद १४ मध्ये वाक्य आहे: ‘साक्षीदार क्रमांक २ याने संबंधित कामगारास स्विच बंद करताना प्रत्यक्ष पाहिले आहे.’ त्याच साक्षीदाराच्या उलटतपासातलं उत्तर असं: ‘मी त्या वेळी स्टोअरमध्ये होतो. सुपरवायझरने मला नंतर सांगितले.’ हा मुद्दा चालतो. पुरावा काय होता आणि निवाड्यात काय लिहिलं गेलं, यात फरक आहे आणि तो दोन पानं शेजारी ठेवून डोळ्यांनी दिसतो. रिटमध्ये हे ‘निवाडा विकृत, मनमानी व नैसर्गिक न्यायतत्त्वाविरुद्ध आहे’ अशा भाषेत लिहिलं तर वाया गेलं. ‘पान ४७ वरील परिच्छेद १४ पाहावा, पान १३२ वरील नववे उत्तर पाहावे’ असं लिहायचं. न्यायाधीश दोन्ही पानं उघडतात, आणि त्यानंतर युक्तिवादाला फारसं काही उरत नाही.

आता तेच प्रकरण थोडं बदलू. साक्षीदार क्रमांक २ म्हणतो, पाहिलं. साक्षीदार क्रमांक ४ म्हणतो, कामगार त्या वेळी कॅन्टीनमध्ये होता. लवादांनी दुसऱ्या क्रमांकावर विश्वास ठेवला आणि का ठेवला ते तीन ओळींत लिहिलं. इथं हायकोर्टात काही मिळत नाही. चौथा साक्षीदार जास्त खरा वाटतो, हे म्हणणं अपिलाचं आहे आणि ही अपील नाही. सय्यद याकूब प्रकरणापासून म्हणजे १९६४ पासून कोर्टं हेच सांगत आली आहेत: पुराव्याशिवाय काढलेला निष्कर्ष ही कायद्याची चूक, पण पुराव्याचं वजन चुकीचं केलं ही वस्तुस्थितीची. कामगारांना हे पटवणं सगळ्यांत अवघड जातं. ‘साहेब, तो खोटं बोलला’ हे वाक्य हायकोर्टात ऐकूनच घेतलं जात नाही, यावर त्यांचा विश्वास बसत नाही आणि त्यांचा राग वकिलावर निघतो. ते आधीच समजावून सांगितलेलं बरं.

लवादानं सोपवलेल्या मुद्द्यांबाहेर जाणं हा दुसरा नेहमीचा मुद्दा. करारात दोनच प्रश्न असतात, पगारवाढ आणि रात्रपाळीचा भत्ता. निवाड्याच्या शेवटी लवाद सद्भावनेनं कॅन्टीनचं अनुदानही वाढवून देतात. मॅनेजमेंट त्या एका परिच्छेदावरून सगळा निवाडा रद्द मागते. उत्तर असं द्यायचं की तो भाग वेगळा काढता येतो, बाकी निवाडा त्याच्यावर अवलंबून नाही. हे म्हणता यावं म्हणून लवादापुढंच प्रत्येक मुद्द्याचा निष्कर्ष स्वतंत्र परिच्छेदात मागून घ्यावा. सगळं एकत्र करून ‘एकूण पॅकेज’ म्हणून दिलेला निवाडा असा सोलता येत नाही.

पगारवाढीच्या निवाड्यात मॅनेजमेंटचा हल्ला तुलनेच्या कारखान्यांवर येतो. त्याच भागातले, त्याच उद्योगातले कारखाने बघून वेतन ठरवायचं हे तत्त्व जुनं आहे, पण तुलना बरोबरीच्यांशी हवी: भांडवल, कामगारसंख्या, नफा, धंद्यातली वर्षं. युनियन दहा कारखान्यांचे करार दाखल करते आणि त्यातला एकही या कसोटीवर मांडत नाही. चारच दाखल करावेत, पण त्यांचे ताळेबंद जोडावेत. निवाड्यात तुलनेचा तक्ता आला असेल तर हायकोर्ट सहसा तिथं थांबतं. ‘सर्व बाबींचा साकल्याने विचार करता’ एवढंच आलं असेल तर प्रकरण परत जाण्याची भीती खरी आहे.

रेकॉर्डबद्दल सांगायचं तर लेबर कोर्टाला रेकॉर्ड रूम असते, लवादाला नसते. काम संपलं की फाइल त्यांच्या घरी कपाटात जाते. घर बदलतं, लवाद वारतात, फाइल रद्दीत जाते. हायकोर्टानं रेकॉर्ड मागवलं की धावपळ सुरू. म्हणून आम्ही प्रत्येक तारखेला रोजनाम्याची आणि प्रत्येक निशाणीची नक्कल लवादांच्या सहीनं घेऊन ठेवतो. ज्या कागदावर निशाणी क्रमांक नाही तो रेकॉर्डवर नाही असंच समजायचं. मॅनेजमेंटनं दाखवायला आणलेलं हजेरी रजिस्टर दोघांनी पाहिलं, लवादांनी पाहिलं आणि परत नेलं गेलं, तर निवाड्यातलं ‘रजिस्टर मी पाहिले आहे’ हे वाक्य हवेत लटकतं. ते कुणाच्याही विरुद्ध जाऊ शकतं.

हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत चालतं, त्यामुळं मराठी जबाब, चार्जशीट, करार या सगळ्यांचं भाषांतर जोडावं लागतं. यात घाई केली की घात होतो. ‘मी कामावर गेलो नाही’ आणि ‘मला कामावर घेतले नाही’ यांतला फरक भाषांतरात पुसला गेला तर अख्खी केस फिरते. ज्यानं जबाब नोंदवताना ऐकले त्या युनियनच्या माणसानं भाषांतर वाचून पाहिलं पाहिजे. अस्पष्ट झेरॉक्स टाइप करून जोडायच्या, पानांना सलग क्रमांक द्यायचे, घटनाक्रमाची यादी वर लावायची. ऑफिस ऑब्जेक्शन (कोर्टाच्या कार्यालयानं कागदपत्रांत दाखवलेली त्रुटी) निघालं की त्याला मुदत असते, आणि त्या मुदतीत ते दूर केलं नाही तर आपोआप फेटाळणीचा आदेशही होतो. युनियनच्या वतीनं सही करणाऱ्याचा ठराव जोडलाय ना, तेही एकदा बघावं. लवादापुढं युनियनचा सरचिटणीस स्वतः केस चालवू शकतो; हायकोर्टात वकील लागतो, आणि त्या वकिलाला कारखान्याची भाषा शिकवावी लागते. बदली, बिगारी, ले-ऑफ, पीस-रेट यांतला फरक तासभर बसून सांगितला तर पुढचे सहा महिने वाचतात.

पहिल्या दिवशी सर्क्युलेशन (प्रकरण तातडीनं बोर्डावर घेण्याची परवानगी) मिळालं की खरा प्रश्न स्टेचा. पैशाचा निवाडा असेल तर स्टेसाठी रक्कम कोर्टात जमा करायची अट मागायची. त्यासाठी आकडा आपल्याकडं तयार हवा. कामगाराचं नाव, टोकन नंबर, देय महिने, दरमहा फरक, एकूण, असा एक तक्ता, बेरजेसह. ‘साधारण एवढे होतील’ म्हटलं की न्यायाधीश मॅनेजमेंटकडं वळून विचारतात आणि मॅनेजमेंट सांगते तो आकडा आदेशात जातो. जमा झालेली रक्कम मुदतठेवीत ठेवण्याची आणि काही भाग हमीपत्रावर काढू देण्याची मागणी त्याच वेळी करावी.

पुनर्नियुक्तीचा निवाडा असेल तर सगळे कलम १७-ब चं नाव घेतात: प्रकरण हायकोर्टात किंवा सर्वोच्च न्यायालयात असेपर्यंत शेवटचा पूर्ण पगार. पण ते कलम नीट वाचावं. त्यात लेबर कोर्ट, ट्रिब्युनल आणि नॅशनल ट्रिब्युनल आहे, लवाद नाही. मॅनेजमेंटचा जागरूक वकील हे दाखवतो आणि अर्ज लटकतो. म्हणून अर्जात १७-ब बरोबरच अनुच्छेद २२६ खालच्या अंतरिम अधिकारावरही मागणी ठेवायची. कामगाराचं प्रतिज्ञापत्र लागतंच: या काळात कुठंही नोकरीला नाही. ते खोटं निघालं तर सगळी सहानुभूती जाते. कुणी रिक्षा चालवत असेल, गावी शेती करत असेल तर तसं लिहावं, लपवू नये. मागील पगाराच्या हिशेबातही हाच प्रश्न येतो. दीपाली गुंडू सुरवसे प्रकरणात, २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं पुनर्नियुक्तीबरोबर पूर्ण मागील पगार हा सर्वसाधारण नियम मानला, पण आपण बेकार होतो हे कामगारानं आधी सांगायला हवं. लवादापुढच्या मागणीपत्रात ते वाक्य नसेल तर हायकोर्टात ते घुसवता येत नाही.

अंतिम सुनावणीला मिळणारा वेळ थोडा असतो. प्रकरण बोर्डावर शेवटी असतं, जेवणाच्या सुट्टीआधी पुकारा होतो. दोन पानांची टाचणं आणि पानांचे क्रमांक, एवढंच हातात हवं.

निकाल आपल्या बाजूनं लागला तरी ‘निवाडा रद्द, फेरसुनावणीसाठी परत’ असा लागला तर तो जिंकल्यासारखा वाटतो, पण परत कुणाकडं? लवादाचा अधिकार करारातून आलेला. ते हयात नसतील, नकार देत असतील, तर नवा करार लागतो आणि आता मॅनेजमेंट सही कशाला करेल? म्हणून रिटच्या मागण्यांत दुसरी मागणी हवीच: परत न पाठवता हायकोर्टानं स्वतःच योग्य तो आदेश द्यावा. अहमदाबादच्या गुजरात स्टील ट्यूब्स प्रकरणाचा आधार त्यासाठी आहे. तिथं १०-अ च्या लवादानं शेकडो कामगारांना काढणं योग्य ठरवलं होतं, गुजरात हायकोर्टानं ते फिरवून थेट आदेश दिला, आणि सर्वोच्च न्यायालयानं दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं हायकोर्टाचा तो अधिकार मान्य केला. शिक्षा कमी करण्याचा कलम ११-अ चा अधिकार लवादालाही आहे, हेही त्याच निकालात आलं. कलमात लवादाचं नाव नसताना. १७-ब च्या अर्जात हा दाखला जोडायला हरकत नाही.

स्टे उठला की वसुली. कलम ३३-क (१) चा अर्ज पैसे देय झाल्यापासून एका वर्षात करायचा असतो. उशिराला सबळ कारण असेल तर शासन तो घेऊ शकतं, त्यामुळं स्टेच्या तारखांचे आदेश सोबत लावायचे. अर्ज कामगारानं स्वतः किंवा त्यानं लेखी अधिकार दिलेल्या माणसानं करायचा असतो. रिट युनियनच्या नावावर होती म्हणून युनियनचं एक पत्र पुरतं असं समजून अर्ज परत आलेले आहेत. प्रत्येकाचं अधिकारपत्र घ्यायचं, आणि जे या काळात वारले त्यांच्या वारसांची कागदपत्रं आधीच गोळा करायची. आकड्यावर वाद असेल तर ३३-क (२) खाली लेबर कोर्टात मोजून घ्यावं लागतं. वसुली दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून तहसीलला, आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. तहसील कार्यालय स्वतः कंपनीची मालमत्ता शोधत फिरत नाही. कारखान्याचा गट नंबर, सातबारा किंवा प्लॉटचे कागद, चालू बँक खात्यांची नावं आणि शाखा अशी यादी दाखल्यासोबतच नेऊन द्यायची, आणि तिचीही पोच घ्यायची.